करुणेला गुण किती? ‘श्यामची आई’ आणि ‘तोत्तोचान’ यांचे एकत्र वाचन

काही वर्षांपूर्वी एका आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धेला परीक्षक म्हणून जाण्याचा योग आम्हांला आला. स्पर्धा तिसरी-चौथीच्या मुलांची होती आणि विषय होता ‘दया’. सातव्या की आठव्या क्रमांकावर एक मुलगा बोलायला उभा राहिला. दुसऱ्याच वाक्यात एका शब्दाशी त्याची जीभ अडली, पुन्हा अडली, तिसऱ्यांदाही अडली. सभागृहात खसखस पिकली. पुढच्या रांगेत बसलेली स्पर्धक मुलेच तोंडावर हात ठेवून हसू लागली. मुलगा भाषण अर्धवट टाकून खाली उतरला. त्याच्यानंतर जी मुलगी आली ती क्षणापूर्वी हसणाऱ्यांत होती. तिने दयेवर इतके अस्खलित भाषण केले की पालकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. आमच्या हातातील गुणपत्रिकेत पाठांतर, उच्चार, हावभाव आणि वेळेचे भान असे चार रकाने होते. चारही रकान्यांत ती मुलगी पहिली आली. तिला पहिले पारितोषिक देणाऱ्या तिघा परीक्षकांत आम्हीही होतो.

त्या मुलीला निर्दय म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. आठ-नऊ वर्षांच्या लेकराला जे शिकविले गेले ते तिने चोख सादर केले. दया ही बोलण्याची गोष्ट आहे, असे तिला घरीदारी शिकविले गेले होते आणि त्या दिवशी आम्ही त्या शिकवणीवर शिक्कामोर्तब केले. घरी परतताना जो प्रश्न आमच्या मनात घर करून राहिला, तोच या लेखाचा विषय आहे. लहान मुलांच्या ठायी करुणा रुजते ती कशाने? सांगण्याने, दाखविण्याने, की शाळेची आणि घराची घडीच तशी बसविण्याने? या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्ही दोन पुस्तके पुन्हा वाचली. एक आपल्या मातीतले, साने गुरुजींचे ‘श्यामची आई’. दुसरे दूरदेशीचे, तेत्सुको कुरोयानागी यांचे ‘तोत्तोचान’. दोन्ही पुस्तके आपल्या अनेक घरांत आहेत. ती शेजारी ठेवून वाचण्याचा प्रघात मात्र नाही.

‘श्यामची आई’ साने गुरुजींनी फेब्रुवारी 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत लिहिले आणि ते 1935 साली प्रसिद्ध झाले. आचार्य अत्रे यांनी 1953 साली त्यावर काढलेल्या चित्रपटाला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले. तेव्हापासून या पुस्तकाभोवती अश्रूंचे एक वलय जमले आहे. आई गेली की रडावे आणि ‘श्यामची आई’ वाचले की रडावे, अशी जणू रीतच पडून गेली आहे. या अश्रूंमुळे पुस्तकाची एक बाजू झाकली गेली, अशी आमची तक्रार आहे. बेचाळीस रात्रींच्या या कथनात आई प्रवचन फारच थोडे करते. ती श्यामला काही तरी करावयास लावते. उमलण्यापूर्वीच कळ्या खुडून आणणाऱ्या श्यामला ती फुलांच्या बाजूने विचार करावयास शिकविते, फुलाला झाडावर उमलू द्यावे हे त्याच्या गळी उतरविते. न्हाऊन निघालेले ओले तळवे मातीने मळू नयेत म्हणून हट्ट धरणाऱ्या मुलासाठी ती आपल्या लुगड्याचे ओले धुणे दगडावर पसरते. मग पायांना जपतोस तसे मनालाही जप, अशा आशयाचे बोलणे ती सहज बोलून जाते. आधी हट्ट पुरविला जातो, मग बोध येतो. या क्रमाकडे आपले लक्ष जावयास हवे. मुलाचे मन आधी उबेत आलेले असते, म्हणून तो बोध त्याला बोचत नाही, भिनतो.

आजच्या शिक्षणशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर आई येथे श्यामला स्वतःच्या मनाकडे पाहण्यास शिकवीत आहे. 1994 साली अमेरिकेत काही अभ्यासक एकत्र आले आणि त्यांनी ‘सामाजिक व भावनिक शिक्षण’ या नावाखाली या गोष्टींची मांडणी सुरू केली. स्वतःला ओळखणे, स्वतःला आवरणे, दुसऱ्याला ओळखणे, नाती सांभाळणे आणि जबाबदारीने निर्णय घेणे अशी पाच अंगे त्यांनी सांगितली. पुढे आपल्या देशाच्या 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही ही परिभाषा आली. नावे नवी असली तरी कोकणातील एका कर्जबाजारी घरातली आई यातील पहिली दोन अंगे न्हाणीच्या दगडापाशी शिकवीत होती. मूल स्वतःच्या मनाचा मळ ओळखावयास शिकले नाही, तर दुसऱ्याच्या मनातले दुःख त्याला कसे दिसणार? या दृष्टीने ‘श्यामची आई’ हे करुणेच्या शाळेतील पहिले पुस्तक आहे आणि त्याचे ते स्थान आम्ही आदराने मान्य करतो.

तथापि आदर म्हणजे डोळे मिटून घेणे नव्हे. या पुस्तकातील तीन गोष्टी आम्हांला आज थांबून विचार करावयास लावतात.

पहिली गोष्ट माराची. पोहायला भिऊन लपून बसलेल्या श्यामला आई मारीत विहिरीकडे पाठविते. त्या माराच्या पाठीमागे तिची माया आहे हे पुस्तक सांगते आणि आपल्यालाही ते पटते. परंतु आपल्याकडील किती घरांनी आणि किती वर्गांनी या एका प्रसंगाचा दाखला देऊन छडी हातात धरली असेल! श्यामच्या आईचे अश्रू न गाळता तिची छडी तेवढी उचलणे सोपे असते. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेत शारीरिक शिक्षेला व मानसिक छळाला बंदी घातली आहे. हा कायदा श्यामच्या आईच्या विरोधात आहे असे कोणी समजू नये. तिचे नाव पुढे करून आपला राग भागविणाऱ्यांच्या तो विरोधात आहे.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. रस्त्यात एका गरीब वृद्धेला लाकडांची मोळी डोक्यावर घेता येत नाही. ती महार समाजाची म्हणून कोणी तिच्या मदतीला जात नाही. आई श्यामला जाऊन मोळी चढवून देण्यास सांगते आणि नंतर घरी येऊन स्नान कर असेही सांगते. या प्रसंगातले पहिले पाऊल मोठे धाडसाचे आहे. दुसरे पाऊल मात्र मागे वळणारे आहे. आईची करुणा तिच्या काळाच्या कुंपणापर्यंत येते, कुंपणावरून हात पुढे करते, परंतु कुंपण मोडीत नाही. साने गुरुजींनी ते स्नान लपविले नाही, हा त्यांच्या प्रामाणिकपणाचा भाग झाला. आणि ज्या मुलाने ती मोळी उचलली त्याने पुढे काय केले, हेही आपल्याला ठाऊक आहे. मे 1947 मध्ये पंढरपूरच्या विठ्ठलमंदिराचे दार अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना उघडावे म्हणून साने गुरुजींनी प्राणपणाने उपोषण केले आणि ते दार उघडले. आईने मोळी उचलण्यास शिकविले, मुलाने स्नान सोडून दिले. शिकविणाऱ्याच्या मर्यादेपलीकडे शिकणारा जाऊ शकतो, याचे याहून बोलके उदाहरण आम्हांला सुचत नाही. आपल्या गावांतही जातीची, भाषेची, ‘आपल्यातला’ आणि ‘बाहेरचा’ अशी कुंपणे कमी नाहीत. त्यामुळे या प्रसंगावर दुसऱ्या कोणाची चूक म्हणून बोट ठेवण्याचा अधिकार आपल्याला नाही.

तिसरी गोष्ट पुस्तकाच्या रचनेतच आहे. श्याम चांगला वागतो तो बहुतेक वेळा आईला वाईट वाटू नये म्हणून. त्याच्या सद्वर्तनाची सारी वाट आईच्या डोळ्यांवरून जाते. लहान वयात हे स्वाभाविक आहे आणि गोडही आहे. परंतु करुणा अशी सदैव वरून खाली, आईकडून मुलाकडे येत राहिली, तर आईच्या नजरेआड काय होते? वक्तृत्व स्पर्धेतील त्या मुलीची आई शेजारी बसलेली असती आणि तिने डोळे वटारले असते, तर मुलगी हसली नसती. आई तेथे नव्हती. समवयस्कांच्या घोळक्यात, कोणी पाहत नसताना, एका मुलाने दुसऱ्या मुलाशी कसे वागावे याबद्दल ‘श्यामची आई’ फारसे बोलत नाही. त्यासाठी आम्हांला दुसऱ्या पुस्तकाकडे वळावे लागते.

‘तोत्तोचान’ हे जपानी पुस्तक 1981 साली निघाले आणि लाखो घरांत पोहोचले. राष्ट्रीय पुस्तक न्यासाने चेतना सरदेशमुख गोसावी यांच्या अनुवादाने ते मराठीत आणले. लेखिका जपानच्या दूरचित्रवाणीवरील नामवंत कलावती आणि 1984 पासून ‘युनिसेफ’च्या सदिच्छादूत आहेत. पुस्तकात त्यांनी आपल्या बालपणीच्या शाळेची हकीकत सांगितली आहे. पहिलीतच एका शाळेने काढून टाकलेली ही चिमुरडी मुलगी तोक्योतील ‘तोमोए’ नावाच्या शाळेत येते. 1937 साली सोसाकू कोबायाशी यांनी उभ्या केलेल्या या शाळेचे वर्ग आगगाडीच्या जुन्या डब्यांत भरत. सारी मिळून पन्नासच्या आसपास मुले होती. पहिल्या दिवशी मुख्याध्यापक तिच्या आईला घरी पाठवितात, मुलीसमोर खुर्ची ओढून बसतात आणि तिला हवे ते बोलावयास सांगतात. मुलगी जवळजवळ चार तास बोलते. मुख्याध्यापक चार तास ऐकतात. जांभई नाही, घड्याळाकडे पाहणे नाही. तिचे सांगण्यासारखे सारे संपते तेव्हा तिला शाळेत प्रवेश मिळालेला असतो.

या चार तासांना आम्ही संपूर्ण पुस्तकाची किल्ली मानतो. ज्या मुलाचे कोणी ऐकलेले नाही ते दुसऱ्याचे ऐकावयास कसे शिकेल? आपल्या घरांत मुलांशी बोलणे पुष्कळ होते. अभ्यास झाला का, डबा संपविलास का, प्रार्थना केलीस का, असे प्रश्न आपण विचारतो आणि उत्तर अर्धे येते न येते तोच पुढच्या प्रश्नाकडे वळतो. मुलाचे बोलणे त्याच्या वेगाने, त्याच्या आडवळणांनी शेवटपर्यंत ऐकण्यासाठी आपण आठवड्यातून किती मिनिटे बसतो, याचा हिशेब प्रत्येकाने आपापल्या घरी मांडून पाहावा. आम्ही मांडून पाहिला आणि तो सांगण्यासारखा नाही.

कोबायाशी यांचे दुसरे वैशिष्ट्य असे की ते करुणेविषयी मुलांशी बोलत नाहीत, करुणेला वाव मिळेल अशी शाळेची व्यवस्था लावतात. डब्याचेच पाहा. प्रत्येक मुलाने समुद्रातले काही आणि डोंगरावरचे किंवा जमिनीवरचे काही आणावे, एवढाच शाळेचा नियम. श्रीमंताच्या डब्यात महागडी मासळी असो किंवा गरिबाच्या डब्यात शेवाळाची चिमूट असो, दोघांचा नियम सारखाच पाळला जातो. एखाद्या डब्यात एक बाजू राहून गेली असेल, तर मुख्याध्यापकांची पत्नी दोन भांडी घेऊन फिरत असते आणि उणे असलेले तेवढे वाढते. कोणाच्या घरी काय शिजते याची तुलना करण्याची जागाच तेथे उरत नाही. आपल्या मुलांच्या डब्यांवरून शाळेत होणारी टिंगल ज्यांनी ऐकली आहे, त्यांना या साध्या नियमाचे मोल निराळे सांगावयास नको.

क्रीडादिनाची गोष्टही अशीच आहे. ताकाहाशी नावाच्या मुलाची उंची वाढणार नव्हती, हातपाय आखूड होते. मुख्याध्यापकांनी शर्यती अशा बेतल्या की कापडी माशाच्या पोटातून सरपटणे आणि शाळेच्या पायऱ्या चढणे यांत त्याचा बुटकेपणा आड न येता उपयोगी पडावा. तो मुलगा एकामागून एक शर्यत जिंकतो. बक्षिसे म्हणजे भाज्या. त्या घरी नेऊन सर्वांनी मिळून खावयाच्या. शर्यती त्याच्यासाठी रचल्या आहेत असे तेव्हा कोणीही बोलत नाही, कोणाला ते कळतही नाही. लेखिकेला त्याचा उलगडा मोठेपणी झाला. या न बोलण्यातच कोबायाशी यांचे मोठेपण आहे. दया केली हे सांगितले की ज्याच्यावर ती केली तो लहान होतो. आपल्या संस्थांच्या कार्यक्रमांत गरजू मुलांना वह्या वाटताना व्यासपीठावर बोलावून छायाचित्र काढण्याची जी पद्धत आहे, ती या प्रसंगाशेजारी ठेवून पाहावी.

आणखी एक प्रसंग आमच्या मनातून जात नाही. एक शिक्षिका वर्गात माणसाच्या शेपटीच्या अवशेषाविषयी शिकविताना सहज थट्टेने ताकाहाशीला विचारते की तुला शेपटी आहे का. त्या संध्याकाळी मुख्याध्यापक तिला कडक शब्दांत जाब विचारतात. परंतु ते हे करतात इतर शिक्षकांसमोर नव्हे, स्वयंपाकघरात एकांतात. तोत्तोचानच्या कानी ते अवचित पडते. शिक्षिकेच्या हातून मुलाचा अपमान झाला म्हणून तिचा अपमान करण्याचा मोह त्यांनी आवरला. करुणा मुलांपुरती राखून ठेवावयाची आणि चुकलेल्या मोठ्यांवर मात्र तुटून पडावयाचे, असा भेद त्यांच्याकडे नव्हता.

आता पुस्तकाच्या शिखरप्रसंगाकडे येऊ. तोमोएतील प्रत्येक मुलाचे आपले असे एक झाड असे. पोलिओ झालेल्या यासुआकीला झाड नव्हते, कारण त्याला चढता येत नव्हते. सुट्टीतल्या एके दिवशी तोत्तोचान त्याला आपल्या झाडावर येण्याचे आमंत्रण देते. घरी दोघेही खरे सांगत नाहीत. ती आधी शिडी ओढत आणते, ती पुरत नाही म्हणून घडवंची आणते, त्याला ढकलते, वरून ओढते, घामाघूम होते. अखेर दोघे फांदीवर बसतात आणि यासुआकी प्रथमच झाडावरून जग पाहतो. या प्रसंगात कोणी मोठे माणूस नाही. कोणी शिकविलेले नाही, कोणी शाबासकीही देत नाही. एका मुलाला एका मुलीने आपले झाड दिले, एवढीच ही गोष्ट आहे. श्याम मोळी उचलतो तो आईने सांगितले म्हणून. तोत्तोचान शिडी ओढते ती तिला स्वतःला वाटले म्हणून. या दोहोंमध्ये जे अंतर आहे तेच करुणेच्या शिक्षणाने तोडावयाचे असते. सांगितल्यावाचून वाटू लागले की ते शिक्षण पुरे झाले असे समजावे.

या प्रसंगाच्या जोडीला मासाओ या कोरियन मुलाची गोष्ट वाचावी. कोरिया तेव्हा जपानच्या ताब्यात होता. हा मुलगा एकदा तोत्तोचानवर ‘कोरियन’ असे ओरडतो. तिला अर्थच कळत नाही. तिची आई तिला समजावते की लोक त्याला हिणविण्यासाठी हाच शब्द वापरत असणार, म्हणून तो बिचारा या शब्दालाच शिवी समजतो. येथे आई मुलीला रागवायलाही शिकवीत नाही आणि क्षमेचे पाठही देत नाही. शब्द बोलणाऱ्याच्या मागे कोणते दुःख उभे आहे तेवढे ती दाखविते. श्यामच्या आईची आणि तोत्तोचानच्या आईची येथे भेट होते, असे आम्हांला वाटते.

‘तोत्तोचान’च्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. हे पुस्तक कृतज्ञतेने लिहिलेले आहे आणि कृतज्ञता काही गोष्टींवर सोनेरी मुलामा चढविते. तोमोएत रुळू न शकलेली मुले असतील तर ती येथे दिसत नाहीत. इतर शिक्षकांचे कष्ट पुसट राहतात आणि सारा प्रकाश एका माणसावर पडतो. 1945 साली बॉम्बहल्ल्यात शाळा जळाली आणि पुस्तक तेथेच थांबते. शिवाय महानगरातील मोजक्या मुलांच्या शाळेत जे जमले ते साठ-सत्तर मुलांच्या वर्गात कसे जमावे, असा प्रश्न आपले शिक्षक विचारतील आणि तो रास्त आहे.

या प्रश्नाचे उत्तर आपल्या शेजारीच आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डीला आणि 1957 पासून डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर जे काम केले, ते तोमोएहून कितीतरी कठीण होते. तेथील मुले आदिवासी पाड्यांवरची, अर्धपोटी, भावंडांना सांभाळणारी, गुरांमागे जाणारी होती. मुले शाळेत येत नाहीत म्हणून त्यांना दोष न देता शाळाच अंगणात गेली आणि अंगणवाडी झाली. गुरांमागे कुरणात गेली आणि कुरणशाळा झाली. प्रथम मुलांना न्हाऊ घालणे, नखे काढणे, केस विंचरणे, मग अक्षरे, असा तेथील क्रम होता. आधी ऊब आणि मग बोध हा श्यामच्या आईचा क्रम तो हाच. मुलाला व्यवस्थेत कोंबण्याऐवजी व्यवस्थाच मुलापाशी नेणे ही कोबायाशींची रीतही तीच. अनुताईंचे ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ हे आत्मकथन आपल्या ग्रंथालयांत या दोन पुस्तकांच्या जोडीला असावयास हवे. पश्चिम रेल्वेने विरारच्या पुढे जाणाऱ्या आपल्यापैकी किती जणांनी त्या टेकडीकडे या दृष्टीने पाहिले आहे?

चांगल्या शोमरोन्याचा दाखला आपल्या मुलांना पाठ असतो. त्या दाखल्यात दयेची व्याख्या कोठेही दिलेली नाही, हे मात्र आपण त्यांच्या क्वचितच नजरेस आणून देतो. तेथे जखमा बांधणे आहे, तेल ओतणे आहे, जखमी माणसाला आपल्या जनावरावर बसविणे आहे, उतारशाळेचे पैसे देणे आहे. सारी क्रियापदे हातांची आणि पायांची आहेत. आम्ही मात्र त्या दाखल्याची प्रश्नोत्तरे करून मुलांना गुण देतो.

आता नव्या धोरणानुसार करुणा, सहानुभाव, भावनिक कौशल्ये हे शब्द शाळांच्या प्रगतिपुस्तकांत येऊ लागले आहेत. त्यांचे आम्ही स्वागत करतो, पण त्यासोबत एक भीतीही बोलून दाखवितो. ज्या दिवशी करुणेसाठी एक रकाना तयार होईल, त्या दिवसापासून मुले त्या रकान्यासाठी करुणा दाखवू लागतील. आमच्या स्पर्धेत जे घडले ते मग दर आठवड्याला वर्गावर्गांत घडेल. शिक्षकाने मुलाच्या करुणेची नोंद अवश्य घ्यावी, ती त्याच्या स्वतःच्या वहीत. मुलाच्या हाती तिचा गुणांक देऊ नये. यासुआकीला झाडावर चढविल्याबद्दल तोत्तोचानला बिल्ला मिळाला असता, तर ते झाड तिचे राहिले नसते आणि त्याचेही झाले नसते.

मग कोणते पुस्तक मुलांच्या हाती द्यावे? आमचे मत असे की दोन्ही द्यावीत आणि शक्य तर आपण वाचून दाखवावीत. संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर पंधरा मिनिटे पुरतात. ‘श्यामची आई’मधला मोळीचा प्रसंग वाचून झाला की मुलांना एवढेच विचारावे की ते स्नान तुम्ही केले असते का. उत्तर सुचवू नये, वाट पाहावी. ‘तोत्तोचान’मधला झाडाचा प्रसंग वाचून झाल्यावर काहीच विचारू नये. पहिले पुस्तक मुलाला आपल्या मनाकडे पाहण्यास शिकवील, दुसरे शेजारच्या बाकाकडे. एकटे पहिले वाचले तर चांगुलपणा आईच्या पदराला बांधलेला राहण्याचा धोका आहे. एकटे दुसरे वाचले तर आपणांस कोबायाशी मिळाले नाहीत म्हणून हात झाडून मोकळे होण्याचा धोका आहे.

शेवटी त्या अडखळलेल्या मुलाविषयी. त्या दिवशी आमच्या हाती घंटा होती, वेळेचे नियम होते आणि बोलण्याचा अधिकारही होता. ‘थांब बाळ, आम्हांला घाई नाही, तुझे होईपर्यंत आम्ही ऐकतो,’ असे एक वाक्य आम्ही बोललो असतो तर सभागृह गप्प झाले असते. दयेवरचे त्या दिवशीचे सर्वांत चांगले भाषण तेच ठरले असते आणि ते पुढच्या रांगेतल्या त्या हसणाऱ्या मुलीनेही ऐकले असते. ते वाक्य आम्हांला सुचले नाही, कारण आमच्या चार रकान्यांत ते बसत नव्हते. त्यानंतर अशा स्पर्धांची निमंत्रणे आम्ही स्वीकारतो ती एका अटीवर. गुणपत्रिकेत पाचवा रकाना घालावा असा आमचा आग्रह नसतो. प्रत्येक मुलाचे बोलणे संपेपर्यंत घंटा वाजवू नये, एवढेच आम्ही मागतो. संयोजकांना ही अट प्रथम विचित्र वाटते. मुलांना ती वाटत नाही.